सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामी : चरित्र एक, दृष्टी अनेक

मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की नंदुरबार जिल्ह्यातील शहादे तालुक्यात, तापीच्या काठी वसलेल्या सारंगखेड्याकडे जाणारे रस्ते माणसांनी भरून जातात. येथे श्रीदत्तात्रेयप्रभूंची एकमुखी मूर्ती आहे आणि दत्तजयंतीस येथे मोठी यात्रा भरते. यात्रेतील घोड्यांचा बाजार सर्वदूर प्रसिद्ध असून राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेशापर्यंतचे व्यापारी त्यासाठी येतात. खानदेशातील शेतकरी, सातपुड्यातून उतरलेले भिल्ल व पावरा बांधव, गुजरातेतून आलेली कुटुंबे, नवस फेडणारे, खरेदीस आलेले, केवळ पाहण्यास आलेले असे सर्व जण एकाच गर्दीत सामावतात.

अशा यात्रेत क्षणभर बाजूला उभे राहून विचार केला, तर एक प्रश्न मनात येतो. त्या मूर्तीसमोर हात जोडणारे हे सर्व लोक एकाच देवाला पाहत असतात काय? महानुभाव उपदेशी ज्या श्रीदत्तात्रेयप्रभूंना दंडवत घालतो, ते त्याच्या दृष्टीने पंचकृष्णांपैकी एक, चारही युगांत असणारे साक्षात परमेश्वरावतार आहेत. शेजारी उभा असलेला गुरुचरित्राचा वाचक त्याच नावाने ब्रह्मा, विष्णू व महेश यांचे एकत्र आलेले त्रिमुखी रूप ध्यानात आणतो, आणि येथे एकच मुख पाहून कदाचित थोडा चकितही होतो. तोरणमाळच्या पठारावर मच्छिंद्रनाथांच्या गुहेचे दर्शन घेऊन आलेल्या नाथपंथीयास दत्त हे योग्यांचे आदिगुरू वाटतात. दौलताबादच्या जनार्दनस्वामींच्या परंपरेतील कथेत तर दत्त मलंग फकिराच्या वेशात दर्शन देतात. आणि घोडा विकण्यास आलेला मुसलमान व्यापारी दत्तांची उपासना करीत नाही. तरी त्याच्या वर्षाच्या हिशेबात दत्तजयंतीची जागा ठरलेली असते.

नाव एक आहे, परंतु पाहणारी दृष्टी निराळी आहे. मग खरे कोणते? आणि ज्याची ज्यावर श्रद्धा आहे, त्याने इतरांच्या दृष्टीकडे कोणत्या भावाने पाहावे? हा प्रश्न केवळ पंडितांचा नाही. ज्या घरात सासरी एक मार्ग आणि माहेरी दुसरा मार्ग आहे, ज्या गावात एकाच चावडीवर चार पंथांचे लोक बसतात, तेथे हा प्रश्न रोजचा आहे. त्याचे उत्तर शोधताना सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींचे चरित्र जितके उपयोगी पडते, तितके क्वचितच दुसरे पडेल. कारण ते चरित्रच मुळी एका व्यक्तीकडे अनेकांनी अनेक प्रकारे पाहण्याची कथा आहे.

भडोचचे राजकुल

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेला स्पर्श करून वाहणारी नर्मदा पुढे जेथे समुद्रास मिळते, तेथे भडोच हे प्राचीन बंदर आहे. तेथील राजाचे प्रधान विशाळदेव व त्यांच्या पत्नी माल्हणदेवी यांचे पुत्र हरिपाळदेव. परंपरेने भाद्रपद शुद्ध द्वितीया, शके ११४२ म्हणजे इ.स. १२२० हा स्वामींचा अवतारदिन मानला जातो. हरिपाळदेव तरुणपणी निवर्तले, त्यांना स्मशानात नेले, आणि त्याच वेळी द्वारावतीस श्रीचांगदेव राऊळांनी आपला देह त्यागून या देहाचा स्वीकार केला, असे महानुभाव परंपरा सांगते.

येथेच दृष्टीचा पहिला भेद दिसतो. पित्याने पाहिले ते आपला मुलगा परत आला, एवढेच. पत्नी कमळाइसेस वाटले की आपले सौभाग्य टिकले. नगरातील लोकांना तो एक आश्चर्याचा प्रसंग वाटला. आधुनिक इतिहासकार या प्रसंगाकडे येतो तेव्हा तो त्यास श्रद्धेने जपलेली कथा म्हणतो आणि पुढे जातो. ज्ञानमार्गी मात्र येथे परमेश्वराच्या अवतारस्वीकाराचा एक प्रकार पाहतो आणि त्यावरच त्याच्या सर्व अभ्यासाची उभारणी होते. देह सर्वांपुढे एकच होता. त्या देहात कोण आले, हे मात्र डोळ्यांनी कळण्यासारखे नव्हते.

पुढचे काही दिवसही असेच आवरणाचे आहेत. हरिपाळदेव द्यूत खेळत. एकदा पुष्कळ द्रव्य हरले, तेव्हा ते फेडण्यासाठी पत्नीकडे अलंकार मागितले आणि तिने ते दिले नाहीत. पित्याने द्रव्य फेडले. परंतु मन संसारातून निघाले ते निघालेच. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून त्यांनी घर सोडले आणि वाटेत बरोबरच्या लोकांनाही मागे टाकले. भडोचच्या एखाद्या नागरिकास त्या वेळी विचारले असते, तर त्याने या तरुणास द्यूतात हरून घर सोडलेला प्रधानपुत्र असेच म्हटले असते, आणि त्याच्या माहितीपुरते ते खोटेही ठरले नसते.

ज्यांना जग वेडे म्हणत होते

फिरत फिरत हे राजपुत्र वऱ्हाडातील ऋद्धिपुरास आले. तेथे श्रीगोविंदप्रभू, म्हणजेच गुंडम राऊळ, वास करीत होते. जन्माने काण्वशाखीय ब्राह्मण, बालपणीच आईबापांविना पोरके झालेले, मामा व मावशीने वाढविलेले हे महापुरुष गावातील रस्त्यांतून मनास येईल तसे हिंडत, कोणाच्याही घरात शिरत, मुलांबरोबर खेळत, देवळातील मूर्तींशी बोलत, अस्पृश्य मानलेल्यांच्या वस्तीतही निःसंकोच जात. गावातील कित्येकांच्या लेखी ते वेडे होते. काहींच्या लेखी ते सिद्धपुरुष होते. विटाळाची चिंता वाहणाऱ्यांना त्यांचा उपद्रव वाटे. आणि संकटाच्या वेळी त्याच गावातील लोकांना ते आईबापांच्या ठिकाणी वाटत.

त्यांच्याही पूर्वी द्वारावतीत श्रीचांगदेव राऊळ एका हातात खराटा व दुसऱ्या हातात सूप घेऊन रस्ते झाडीत आणि तो कचरा गोमतीत टाकीत, असे सांगतात. पाहणाऱ्यास ते झाडूवाले दिसले असतील. खराट्याचा एक फटका मिळावा म्हणून जे पुढे सरसावत, त्यांना मात्र आणखी काही दिसत होते.

हरिपाळदेवांनी ऋद्धिपुरास गोविंदप्रभूंना पाहिले तेव्हा त्यांना वेडा दिसला नाही. प्रभूंनी आपल्या हातचा शेंगुळ्याचा प्रसाद त्यांना दिला, आणि त्या प्रसादाबरोबर ज्ञानशक्तीचा स्वीकार झाला, अशी परंपरेची श्रद्धा आहे. श्रीचक्रधर हे नामही तेथलेच. ही घटना वाचताना आपण सहसा गुरूच्या सामर्थ्याकडे पाहतो. परंतु दुसरी बाजूही ध्यानात घेण्यासारखी आहे. शेकडो लोक रोज ज्यांना पाहत होते, त्यांचे खरे स्वरूप एका परदेशी तरुणाने एका भेटीत ओळखले. दृष्टीचा विषय सर्वांपुढे सारखाच असतो. पाहणाऱ्याचा अधिकार मात्र सारखा नसतो. अधिकार हा शब्द आपल्या शास्त्रात वारंवार येतो, तो याच अर्थाने.

एकाकी अटन

यानंतर परंपरेने बारा वर्षांचा मानलेला एकाकी अटनाचा काळ येतो. साळबर्डीच्या डोंगरात राहणे, मिळेल ती भिक्षा घेणे, वस्त्रांची व देहाची पर्वा न करता फिरणे, असा हा काळ. लीळाचरित्राचा एकांक नावाचा भाग याच दिवसांचा आहे. या काळातील ससा राखल्याची लीळा प्रसिद्ध आहे. पारध्यांनी कुत्री सोडलेला ससा धावत येऊन स्वामींच्या जानूखाली लपला. पारधी आले आणि त्यांनी आपली शिकार मागितली. शरण आलेला जीव देता येत नाही, हे स्वामींनी त्यांना शांतपणे समजाविले, आणि मुक्या प्राण्याच्या भयाकडे त्यांचे लक्ष वेधले. पारध्यांची शस्त्रे खाली आली. त्या पारध्यांना समोरचा पुरुष कोण, हे ठाऊक नव्हते. त्यांनी कोणताही सिद्धांत ऐकला नव्हता. तरीही त्या क्षणी त्यांच्या जीवनात जे घडले, ते सिद्धांत मुखोद्गत असणाऱ्यांच्या जीवनातही नेहमीच घडते असे नाही.

याच काळात स्वामी घोड्यांच्या व्यापाऱ्यांबरोबर आंध्रदेशी ओरंगळास गेले. सारंगखेड्याच्या बाजारात घोड्याचे दात व चाल पाहणारे व्यापारी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या प्रसंगाचे चित्र सहज डोळ्यांपुढे येईल. त्या व्यापाऱ्यांच्या दृष्टीने हा एक देखणा, अश्वपरीक्षा जाणणारा, राजबिंडा सोबती होता. ओरंगळास हंसांबेशी त्यांचा विवाह झाला आणि काही काळ त्यांनी तेथे ऐश्वर्याचा संसार केला. मग एके दिवशी जसे भडोच सोडले होते, तसेच ओरंगळही सोडले. व्यापाऱ्यांनी सोबती पाहिला, हंसांबेने पती पाहिला. त्यांचे पाहणे अपुरे होते, पण त्यात कपट नव्हते. आणि स्वामींनीही आपले स्वरूप कोणावर लादले नाही.

गोदाकाठचे दिवस

इ.स. १२६७-६८ च्या सुमारास स्वामी पैठणास आले. तेथे भोगनारायणाच्या देवळात त्यांची व नागूबाइसेची भेट झाली. येथून एकाकी भ्रमण संपते आणि शिष्यपरिवाराचे दिवस सुरू होतात. पैठण, वेरूळ, लोणार, मेहकर, बेलापूर, डोमेग्राम असा गोदावरीच्या खोऱ्यात व त्याच्या आसपास त्यांचा संचार झाला. खानदेशातील कनाशीसारखी स्थानेही आज श्रीचरणांकित म्हणून पूजिली जातात. वेरूळास बौद्ध, शैव व जैन लेणी एकाच डोंगराच्या कुशीत आहेत. अशा ठिकाणी स्वामींनी वास केला, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. निरनिराळ्या काळी निरनिराळ्या श्रद्धेच्या लोकांनी तो एकच पाषाण कोरला आणि त्यातून प्रत्येकाला आपले आराध्य प्रकट झालेले दिसले.

स्वामींचा उपदेश मराठीत होता. जन्माने गुर्जर असूनही त्यांनी लोकांची भाषा स्वीकारली. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ नित्य व परस्परांहून भिन्न आहेत. देवतांची उपासना देवतांचे फळ देईल, परंतु मोक्ष परमेश्वरच देतो. हा त्यांच्या निरूपणाचा गाभा. आचारात अहिंसा, भिक्षा, निःसंगता आणि नम्रता. जातीने उच्चनीच ठरविणे त्यांनी मानले नाही. अस्पृश्य मानलेल्या भक्ताने आणलेला लाडू त्यांनी प्रसाद म्हणून सर्वांना वाटला आणि ब्राह्मण शिष्यांनी तो घेतला. स्त्रियांच्या मासिक धर्मास विटाळ मानण्याचे कारण नाही, शरीराच्या इतर मलांसारखाच तो एक देहधर्म आहे, हे त्यांनी तेराव्या शतकात स्पष्टपणे सांगितले. बाइसा, महदाइसा, उमाइसा, आबाइसा अशा स्त्रिया त्यांच्या सन्निधानी प्रश्न विचारीत, शंका काढीत आणि त्यांना आदराने उत्तर मिळे. महदाइसेने पुढे धवळे रचले आणि मराठीची आद्य कवयित्री म्हणून तिचे नाव राहिले.

या काळात स्वामींकडे येणाऱ्यांच्या दृष्टीही किती निराळ्या होत्या! कोणी व्याधी घेऊन येई आणि त्यांना वैद्य समजे. कोणी चमत्काराच्या आशेने येई आणि त्यांना सिद्ध समजे. सारंगपंडितासारखा पैठणचा विद्वान मनाने ओढला जाई, परंतु विद्वत्सभेचे भयही त्याला सुटत नसे. सराळ्याचे म्हाइंभट वादात जिंकण्याच्या हेतूने आले. शास्त्रपारंगत असल्याचा त्यांचा अभिमान मोठा होता. तो उतरला, आणि याच म्हाइंभटांनी पुढे गावोगाव हिंडून, प्रत्येक आठवण कोणाकडून ऐकली ते पारखून, लीळाचरित्र सिद्ध केले. नागदेवाचार्यांनी, म्हणजे भटोबासांनी, पंथाची धुरा वाहिली. केसोबासांनी सूत्रे व दृष्टांत यांची व्यवस्था लाविली.

म्हाइंभटांच्या ग्रंथाचे एक वैशिष्ट्य आपण नेहमी पुढे ठेवावे असे आहे. त्यांची श्रद्धा पूर्ण होती. तरीही ज्यांनी स्वामींना ओळखले नाही, ज्यांनी संशय घेतला, ज्यांनी अपमान केला, त्यांचेही म्हणणे त्यांनी ग्रंथात राहू दिले. शिष्यांच्या चुका, रुसवे, मत्सर हेही लपविले नाहीत. अनेक दृष्टींना जागा देणारा हा ग्रंथ श्रद्धावंतानेच लिहिला आहे. मूळ प्रत पुढे परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाली आणि स्मरणातून पाठ पुन्हा उभे करावे लागले, असे परंपरा सांगते. म्हणूनच त्याचे पाठभेद अनेक आहेत.

विरोध आणि उत्तरापंथ

यादवांचे मंत्री हेमाद्री पंडित यांनी चतुर्वर्गचिंतामणीसारखा व्रते, दाने व धर्मकृत्ये यांचा विशाल ग्रंथ रचला. ज्यांच्या दृष्टीने धर्म म्हणजे वर्ण, आश्रम, व्रते व प्रायश्चित्ते यांची घट्ट बांधणी होती, त्यांना स्वामींचे करणे पाखंड वाटले. स्त्रिया घर सोडून ज्ञानासाठी निघतात, ब्राह्मण अस्पृश्यांच्या हातचे खातात, देवतांच्या उपासनेने मोक्ष नाही असे उघड सांगितले जाते, हे त्यांना सहन होण्यासारखे नव्हते. पैठणास स्वामींवर आरोप झाले, सभा भरली, छळ झाला. त्यांना दुष्ट म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु आपण ज्यास धर्म मानतो त्याचे रक्षण करीत आहोत, अशीच त्यांतील अनेकांची समजूत असावी. आपल्या दृष्टीपलीकडेही काही असू शकते, ही शंका ज्याच्या मनाला शिवत नाही, त्याच्या हातून अन्याय घडण्यास दुष्टपणाचीही गरज नसते.

शके ११९६ म्हणजे इ.स. १२७४ च्या सुमारास स्वामी गोदाकाठचा प्रदेश सोडून उत्तरापंथे निघून गेले. ते देहाने तेथे विद्यमान आहेत, ही पंथाची श्रद्धा आहे आणि त्या विरहातच आपली सर्व साधना उभी आहे. काही आधुनिक अभ्यासकांनी विशिष्ट पोथ्यांतील पाठांच्या आधारे त्यांच्या प्रयाणाचा निराळा, घातपाताचा अर्थ लावला. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेले लीळाचरित्र १९७८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले, तेव्हा त्यातील काही लीळांवरून समाजात तीव्र दुःख व्यक्त झाले आणि वाद पुष्कळ काळ चालला. कोलते यांनी आयुष्याची अनेक वर्षे याच वाङ्मयाच्या सेवेत घालविली होती, हेही तितकेच खरे. पोथीकडे पाहताना संपादकास पाठभेद दिसतो. भक्तास त्याच ओळीत आपल्या प्राणाहून प्रिय असलेल्याचा देह दिसतो. या दोन दृष्टी एकमेकींस न समजल्या तर केवढी वेदना होते, हे त्या वादाने दाखविले.

नंतरच्या शतकांतील दृष्टी

स्वामींच्या पश्चात पंथाने आपले ग्रंथ जपण्यासाठी चौदाव्या शतकात सकळ, सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्या स्वीकारल्या. ग्रंथ सुरक्षित राहिले. परंतु जे वाचता येत नाही त्याविषयी लोक काहीही कल्पना करू लागले. काळी वस्त्रे, निराळा आचार, बंद पोथ्या यांमुळे संशय वाढला. १७८२ च्या सुमारास पेशवे दरबारातून पंथाविरुद्ध हुकूम निघाला. आपल्या मायभाषेत पंथाच्या नावावरूनच मानभावी हा शब्द बनला आणि त्यास वरकरणी गोड व आतून कपटी असा अर्थ चिकटला. ज्या पंथाने मराठीस पहिले गद्य चरित्र दिले, त्याच पंथाच्या नावाची मराठीत अशी शिवी व्हावी, यापेक्षा दृष्टिभेदाचे कडू उदाहरण दुसरे कोणते?

इंग्रजी अमदानीतील जातिवर्णनांत मानभाव ही एक जात म्हणून नोंदली गेली. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात तिच्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. तेथे परमेश्वर नाही, मोक्ष नाही. आहेत त्या चालीरीती, वेश व लोकापवाद. त्याच सुमारास पंथाच्या महंतांनी पोथ्या उघडल्या, लिपीची किल्ली दिली, आणि राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांपुढे मराठीचे एक गुप्त भांडार प्रकट झाले. ह. ना. नेने यांनी १९३६ पासून लीळाचरित्राचे भाग छापण्यास आरंभ केला. तेव्हापासून स्वामी हे मराठी गद्याच्या उगमाशी उभे असलेले पुरुष म्हणून विद्यापीठांत अभ्यासिले जाऊ लागले. समाजसुधारकांना त्यांच्यात जातिभेद व विटाळ नाकारणारा क्रांतिकारक दिसला. कोणास त्यांच्या अहिंसेत जैन मताशी साम्य दिसले, तर कोणास स्त्रियांना व हीन मानलेल्यांना दिलेल्या स्थानामुळे कर्नाटकातील बसवेश्वरांची आठवण झाली. पंजाबातील जयकृष्णी बांधवांनी त्यांचे नाव मराठी मुलखापासून शेकडो कोस दूर जिवंत ठेवले. आणि ज्या ऋद्धिपुरास लोक गोविंदप्रभूंना वेडे म्हणत, त्याच रिद्धपुरास २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठाचे काम सुरू झाले.

ही गोष्ट आपल्याच पंथापुरती नाही. याच नंदुरबार जिल्ह्यात, तळोदे तालुक्यातील मोरवड येथे, १९३० नंतरच्या दशकात गुलाम महाराजांनी भिल्ल समाजास दारू सोडण्याचा, स्वच्छ राहण्याचा, परस्परांस आप म्हणून मानाने हाक मारण्याचा मार्ग दाखविला. अनुयायांना ते देवरूप वाटले. सरकारी अधिकाऱ्यांना हजारो आदिवासींचे एकत्र येणे धोक्याचे वाटले. अभ्यासक त्यांना समाजसुधारक म्हणतो. ज्या घरातील दारू सुटली, त्या घरातील माउलीस यांपैकी कोणता शब्द योग्य, याचा विचार करण्याची गरज वाटली नसेल.

जात्यंधांचा हत्ती

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दृष्टांतपाठात जात्यंध व हत्ती यांचा एक प्रसिद्ध दृष्टांत आहे. ज्याच्या हातास पाय लागला तो हत्तीस खांब म्हणतो, ज्याच्या हातास कान लागला तो सूप म्हणतो, आणि मग त्यांचा वाद होतो. ही कथा बौद्धांच्या व जैनांच्या ग्रंथांत आहे, इराणातील सूफी कवींनीही ती सांगितली आहे. पुष्कळ लोक तिचा अर्थ असा करतात की सर्वांचे म्हणणे सारखेच खरे, तेव्हा कोणी काहीही मानावे. स्वामींच्या निरूपणात मात्र एवढ्यावर थांबता येत नाही. तेथे डोळसही आहे. ज्याला संपूर्ण हत्ती दिसतो, त्याचे ज्ञान आणि चाचपडणाऱ्याचे ज्ञान एक नव्हे. सर्व काही सारखेच, असे म्हणणे ही उदारता नसून कंटाळा आहे. त्यात सत्याचा शोधच थांबतो.

परंतु येथेच आपल्यासारख्यांच्या पायाखाली एक खड्डा आहे. डोळस आहे, हे मान्य केल्याबरोबर आपण चटकन समजतो की तो डोळस म्हणजे आपणच. उपदेश घेतला, सूत्रे पाठ केली, पंचकृष्णांची नावे मुखी आली, एवढ्याने आपल्यास हत्ती दिसू लागला, असा अभिमान होतो. विचार केला तर डोळस स्वामी होते. आपण त्यांनी वाट दाखविलेले जात्यंध आहोत. आपल्या हातात हत्तीचा पाय आहे, आणि त्या पायाजवळ ज्याने आणून सोडले त्याचा शब्द आपल्या कानात आहे. आपले भाग्य एवढेच, आणि ते लहान नाही. म्हाइंभट ज्या दिवशी वाद जिंकण्यास आले, त्या दिवशी त्यांच्याजवळ शास्त्र होते, पण दृष्टी नव्हती. अभिमान गेला तेव्हा दृष्टीस जागा झाली.

यातून आचरणाचे काही निश्चित नियम निघतात. पहिला, आपला सिद्धांत पातळ करून सांगू नये. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर यांचा भेद स्पष्टपणे सांगावा. समोरच्यास बरे वाटावे म्हणून स्वामींना केवळ सुधारक किंवा केवळ गद्याचे जनक म्हणून मोकळे होऊ नये. दुसरा, इतरांच्या दृष्टीस खोटी म्हणण्यापूर्वी त्यांच्या हातास हत्तीचा कोणता भाग लागला आहे, ते पाहावे. संशोधकाने भाषा पाहिली, ती स्वामींचीच. सुधारकाने करुणा पाहिली, तीही स्वामींचीच. ते अपुरे असेल, पण परके नाही. तिसरा, ज्याने अपमान केला त्याच्याशीही अपमानाने वागू नये, कारण मनाने व वाचेने केलेली हिंसा ही हिंसाच. मानभावी या शब्दाचा डाग कोश बदलून जाणार नाही. आपला व्यवहार सरळ राहिला तर तो शब्द आपोआप अर्थहीन होईल.

स्वामींच्या चरित्रात कोणीही त्यांच्या बिरुदावर भाळून बदललेले दिसत नाही. पारधी बदलले ते एका सशामुळे. म्हाइंभट बदलले ते उत्तरांतील निर्मळपणामुळे. बाइसा, महदाइसा निघाल्या त्या मानाने वागविले गेल्यामुळे. कोण आहेत, हे ओळखण्यापूर्वीच त्यांच्या वागण्याने माणसांचे हित झाले. आणि ज्यांचा अधिकार होता त्यांना पुढे ओळखही पटली.

दत्तजयंतीच्या दिवशी सारंगखेड्याच्या गर्दीत शेजारचा यात्रेकरू त्रिमुखी दत्तांचे नाव घेऊन एकमुखी मूर्तीपुढे नमस्कार करील. त्यास हटकू नये. त्याने विचारले तर मात्र एक मुख का, हे प्रेमाने व संपूर्ण सांगावे. आणि न विचारता तो निघून गेला, तर त्याच्या पाठमोऱ्या देहासही मनोमन दंडवत करून आपल्या दर्शनासाठी पुढे व्हावे.

दंडवत प्रणाम.